मॉरीनचे डबे आणि माझे मिरे

माझे यजमान सिनेमात आहेत असं सांगितलं की डोंबिवलीच्या बायका आधी डोळे मोठे करायच्या आणि मग ह्यांना जिन्यात बघून गप्प बसायच्या. बुटके, जाड भिंगांचा चष्मा, खिशाला शाईचं पेन. पद्माकर चौतीस वर्षं परळच्या एका फिल्म लॅबमध्ये निगेटिव्ह कापत होते. म्हणजे असं, की संकलक प्रिंटवर खुणा करून देणार आणि त्या खुणांबरहुकूम ह्यांनी मूळ निगेटिव्ह कापायची, जोडायची, आणि उरलेले तुकडे टाकून द्यायचे. टाकायच्या तुकड्यांना एनजी म्हणतात. नो गुड. एक कात्री चुकली तर ते दृश्य पुन्हा मिळत नाही, म्हणून ह्यांनी आयुष्यभर नखं वाढवली नाहीत की हे कुणाशी मोठ्याने भांडले नाहीत. पडद्यावर कधी नाव आलं नाही, आणि त्याचं वाईटही वाटलं नाही. वाईट मलाच वाटायचं.

फिल्मची मसाल्याची, म्हणजे चित्र उमटतं ती, बाजू कुठली ते ओळखायला ती ओठाला लावायची असते. ओठाला चिकटली की ती मसाल्याची. ही सवय घरीही आली. आमटीसुद्धा तशीच, नुसता ओठ टेकवून चाखणार आणि काही न बोलता पानावर बसणार. मीठ कमी आहे की जास्त, हे मी लग्नानंतर बारा वर्षांनी ओळखायला शिकले. बोलणं म्हणजे ह्यांच्या जिवावर यायचं. भांडायला निदान समोरून उत्तर तरी हवं ना.

दोन हजार सातमध्ये लॅब बंद झाली. निनाद, आमचा मुलगा, तेव्हा ऑस्ट्रेलियात टूवूंबाच्या हॉस्पिटलात डॉक्टर होता. लग्नाचं नाव काढत नव्हता, स्वयंपाक येत नव्हता, त्याने आम्हाला बोलावून घेतलं. घर चार खोल्यांचं, uniपासून, म्हणजे विद्यापीठापासून, चालत दहा मिनिटांवर. त्या दोन-तीन वर्षांत गावात परदेशी विद्यार्थ्यांचं पेव फुटलं होतं. पुण्याची, नागपूरची, हैदराबादची, पंजाबची, जिकडून तिकडून मुलं. खोल्या मिळेनात. संध्याकाळनंतर बस नाही, गाडी घ्यायची ऐपत नाही, मग चालत जाता येईल अशा घरासाठी मारामार. निनादने मागची खोली विद्यार्थ्यांना द्यायची ठरवली आणि त्यांचं जेवणखाण आपोआप माझ्या गळ्यात पडलं.

ह्यांना मात्र काही काम नव्हतं. सकाळी बागेत पाणी, दुपारी पेपर, संध्याकाळी पुन्हा पाणी. इथल्या माणसांच्या गप्पा गाडी आणि पाऊस यांच्या पलीकडे जात नाहीत, आणि ह्यांच्या त्या तिथपर्यंतही जात नव्हत्या. निगेटिव्हला बोट लागू नये म्हणून लॅबमध्ये घालायच्या हातमोज्यांची एक जोडी कपाटात होती. ती हे महिन्यातून एकदा धुवून वाळत घालायचे. मी ते बघून न बघितल्यासारखं करायची.

कुंपणापलीकडे मॉरीन राहायची. चौऱ्याऐंशी वर्षांची, एकटी. जन्म चाळीस किलोमीटरवरच्या एका गुरांच्या रानात, त्यांच्या स्वतःच्या. हजारो एकर जमीन, नवरा गेल्यावर विकून गावात आली. मी तिला कोथिंबीर द्यायची, ती मला लिंबं. पद्माकर हे नाव तिच्या तोंडात बसेना, म्हणून तिने ह्यांना पॅडी करून टाकलं. हेही निमूट पॅडी झाले. तिची नजर चालली होती. डोळ्यांच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं की हिवाळ्यापर्यंत, म्हणजे इकडच्या जूनपर्यंत, फारसं उरणार नाही. हे तिने मला लिंबं देतादेता सांगितलं, भाजी महाग झाली असं सांगावं तसं.

ऑक्टोबरमधल्या एका दुपारी, तिच्या भाषेत arvoला, मी बोलताबोलता ह्यांचं काम काय होतं ते सांगितलं. मॉरीन थांबली. म्हणाली, ‘माझ्याकडे एक पिक्चर आहे. माझी आई आहे त्यात. मी तो कधी बघितलेला नाही.’

तिच्या गॅरेजमध्ये तीन गोल पत्र्याचे डबे होते, गंजलेले, मोठ्या थाळीएवढे. गोष्ट अशी. एकोणीसशे वीस साली सिडनीहून एक कंपनी आगगाडीने आली आणि तिच्या आजोबांच्या रानात सहा आठवडे तळ ठोकून राहिली. मुका सिनेमा. हाताने फिरवायचा कॅमेरा, तंबू, घोडे तिथलेच. दिवे नव्हते, सगळं उन्हावर. घरातलं दृश्यसुद्धा उन्हातच घ्यायचं, म्हणून फळ्यांच्या तीन भिंतींच्या खोल्या बांधल्या, चौथी भिंत नाही, वर छप्पर नाही, नुसती मलमल ताणलेली. कंपनीच्या मालकाचा तिथे कायमचं सिनेमाचं गाव वसवायचा बेत होता. मग अमेरिकेतली पिक्चरं बोटी भरभरून यायला लागली आणि मंडळी एक दिवस तंबू गुंडाळून निघून गेली. तीन भिंतींच्या त्या गावाची आजोबांनी कोंबड्यांची खुराडी केली. डबे मागे राहिले.

सिनेमाच्या नटीला घोड्यावर बसता येत नव्हतं. आजोबांची मुलगी एल्सी एकोणीस वर्षांची होती, ती नटीचे कपडे घालून दौडत सुटायची. ही एल्सी म्हणजे मॉरीनची आई. मॉरीन दीड वर्षांची असताना ती गेली. मग सावत्र आई आली, मग एका उन्हाळ्यात घर जळालं, त्यात फोटो गेले. मॉरीनने आपल्या आईचा चेहरा उभ्या आयुष्यात पाहिला नव्हता. आता पाहायचा तर तिच्यापाशी हिवाळ्यापर्यंतचा वेळ होता.

हे डब्यांजवळ उकिडवे बसले, झाकण जरासं उचललं, वास घेतला आणि म्हणाले, ‘नायट्रेट.’ एवढंच. पण त्या दिवशी रात्रीच्या जेवणाला ह्यांनी भात दोनदा मागून घेतला.

सरकारी संग्रहालयाला निनादने पत्र लिहिलं. त्यांचं उत्तर अगदी आपुलकीचं होतं, पण जुन्या फिल्म्सची रांग मोठी आणि काम नाजूक, वर्ष तरी लागेल असं म्हणाले. वर्ष मॉरीनकडे नव्हतं. हे म्हणाले, ‘आधी मी बघतो. मग पाठवू.’ डबे आमच्या मागच्या खोलीत आले. ती दक्षिणेची खोली, इकडे दक्षिण म्हणजे गार. झाकणं सैल करून फळीवर मांडली. रीळ गुंडाळायचं जुनं हातयंत्र सिडनीत कुणाकडे तरी मिळत होतं, ते आणायला हे डिसेंबरअखेर माझ्या चुलतभावाकडे, अजितकडे वेंटवर्थव्हिलला गेले. जाताना मला म्हणाले, ‘डबे जप.’

दोन शब्द. माणूस कुठे निघालाय, कशासाठी निघालाय, आणि बोलतोय किती.

सिडनीत ह्यांची पाठ धरली. तीन आठवडे अंथरुणात. इकडे पंधरा जानेवारीला अनुष्का यायची होती, आमची नवी भाडेकरू, नाशिकची, दोन बॅगा आणि एक कुकर घेऊन. खोली रिकामी हवी. मी डबे काढायला गेले आणि वास आला. कापूर. थेट देवघरातला. मी झाकण उघडून नाक लावलं, शंकाच नाही, कापूर.

आता कापूर कसा ठेवतात हे मला कुणी शिकवायला नको. उघडा राहिला की उडतो. घट्ट झाकणाच्या डबीत ठेवायचा आणि चार मिरे टाकायचे, म्हणजे टिकतो. माझ्या आईने असाच ठेवला, तिच्या आईने असाच ठेवला. ह्यांनी तर झाकणं सैल ठेवलेली. पुरुषांना काय कळतंय, म्हटलं, सगळा वास उडून जाईल. मी प्रत्येक डब्यात चार-चार मिरे टाकले, झाकण दाबून बसवलं, भोवती चिकटपट्टी मारली, दोन-दोन प्लास्टिकच्या पिशव्यांत घालून हवा काढली, रबर लावलं. लोणच्याची बरणी काय बांधेल कुणी असं बांधलं. आणि परसातल्या पत्र्याच्या शेडमध्ये, वरच्या फळीवर, कुणाचा हात लागणार नाही असे ठेवले. जपून.

जानेवारीतली पत्र्याची शेड, इकडे जानेवारी म्हणजे भर उन्हाळा. मी आत दोन मिनिटंसुद्धा उभी राहत नव्हते.

हे आले ते बूटही न काढता मागच्या खोलीकडे गेले. तिथे अनुष्काचे कपडे. ‘डबे?’ मी अभिमानाने सांगितलं. ह्यांचा चेहरा असा उतरला की मला वाटलं पाठच पुन्हा धरली. ह्यांनी एकेक डबा झाडाखाली सावलीत आणला, पिशव्या फाडल्या, माझी चिकटपट्टी सोडवली. पहिल्यात तपकिरी पूड होती. दुसऱ्यात काकवीसारखं काहीतरी, सगळं रीळ एकमेकांत चिकटलेलं. ह्यांनी बोटाने त्यातून एक दाणा काढला, तळहातावर घेतला.

‘हे काय?’

‘मिरे.’

‘कशाला?’

‘कापूर उडू नये म्हणून.’

हे पायरीवर बसले. मग आमच्या चौतीस वर्षांच्या संसारातलं ह्यांचं सगळ्यात लांब भाषण झालं. जुनी फिल्म, म्हणजे ते नायट्रेट, कापूर घालून बनवलेली असते, पण ती कापूर नव्हे. ती कुजायला लागली की तिच्यातून वाफ निघते, ती बाहेर गेली पाहिजे. कोंडली की त्याच वाफेने फिल्म स्वतःला खाते. हे डबे आधीच आजारी होते, म्हणून गार जागा, म्हणून सैल झाकण. आणि अशा उन्हात तर ती आपली आपण पेटते, पाण्याखालीसुद्धा विझत नाही. लॅबमध्ये ह्यांना काम शिकवणाऱ्या उस्तादांचा उजवा हात तसाच भाजला होता. शेड गेली असती, घर गेलं असतं.

‘मग हे आधी सांगायला काय तोंडाला कुलूप लावलं होतं?’ मी ओरडले, आणि मग रडायलाच लागले. राग ह्यांचा आला होता, पण रडू मॉरीनसाठी येत होतं. करायला गेले गणपती आणि झाला मारुती. तोही दुसऱ्याच्या देव्हाऱ्यातला.

‘चूक माझी,’ हे म्हणाले. ‘सांगायला हवं होतं.’

त्यावर अजून वाईट वाटलं.

बिघडलेली दोन रिळं तापून पेटायच्या आत ह्यांनी पाण्याच्या बादल्यांत बुडवली, निनादने अग्निशमनवाल्यांना फोन केला, ते येऊन घेऊन गेले. तिसऱ्या डब्याला माझी चिकटपट्टी नीट बसली नव्हती. बाहेरचे वेढे गेले होते, आतलं रीळ शाबूत होतं. माझ्या हातून एक काम वाईट झालं होतं म्हणून तेवढं वाचलं.

दुसऱ्या दिवशी मी कुंपणाशी गेले आणि मॉरीनला सगळं सांगितलं. माझ्या मोडक्या इंग्रजीत मिऱ्यांचं समजावताना घाम फुटला. तिने ऐकून घेतलं. म्हणाली, ‘नो वरीज, लव्ह.’ इकडे भांडं फुटलं तरी नो वरीज आणि माणूस मेला तरी नो वरीज. चार शिव्या दिल्या असत्या तर मला जेवण गेलं असतं. नंतरचे चार दिवस ती कुंपणाशी आली नाही.

ह्यांनी कपाटातले हातमोजे चढवले. हॉस्पिटलातून काढून टाकलेली एक्स-रे बघायची काचेची पेटी निनादने आणून दिली. तिच्यावर रीळ पसरून, भिंग लावून, हे एकेक फ्रेम बघायचे. खिडक्या उघड्या, पंखा चालू, स्वयंपाकघरात गॅस पेटवायला बंदी. तीन दिवस अनुष्काने आणि आम्ही दही-पोहे खाल्ले. मधून मधून हे हाक मारायचे, ‘रेखा, बघ.’ मी भिंगातून बघायची. नटी घरात चहा ओतते आहे आणि तिचा टेबलावरचा कपडा वाऱ्याने उडतो आहे. घरातल्या घरात वारा, कारण घराला छप्परच नाही. हे हसले. ह्यांना असं हसताना मी परळ सुटल्यापासून पाहिलं नव्हतं.

पण चेहरा मिळेना. संध्याकाळी मी विचारायची, ‘मिळाली एल्सी?’

‘पाठ आहे.’

‘आज?’

‘आजही पाठच.’

घोडा दौडतोय, पदर उडावा तशी ओढणी उडतेय, आणि बाई पाठमोरी. किंवा इतकी लांब की हरभऱ्याएवढी. ती नटीची बदली होती. तिचं तोंड दिसू न देणं हेच तर कॅमेरावाल्याचं काम होतं. मॉरीनने चौऱ्याऐंशी वर्षं वाट बघायची, मी दोन डबे घालवायचे, आणि तिसऱ्यात नुसती आईची पाठ.

चौथ्या दिवशी रीळ संपत आलं. अगदी आतल्या वेढ्यांना जोड वेगळे लागले, ओबडधोबड, घाईने लावलेले, कडेला सुईने ओरखडलेले आकडे. हे म्हणाले, ‘हे पिक्चर नव्हे. हे एनजी आहे.’ तंबूत बसून कुणीतरी टाकायचे तुकडे एकाला एक चिकटवून रिळाच्या गाभ्याला गुंडाळले होते, चांगली फिल्म आत दुमडू नये म्हणून. हे वाकले. बराच वेळ वाकलेलेच राहिले. मी म्हटलं, ‘अहो, काय झालं?’

दौड संपली होती. दिग्दर्शकाने थांब म्हटलं असणार, पण कॅमेरावाल्याचा हात अजून फिरत होता. घोडा थांबला आणि बाईने मान वळवली. बाहीने नाक पुसलं. सरळ आपल्याकडे बघून हसली.

ह्यांनी फ्रेम मोजल्या. त्रेचाळीस. तेव्हाच्या गतीने पावणेतीन सेकंद.

ह्यांनी हातमोजे काढून ठेवले. ‘रेखा,’ म्हणाले, ‘चौतीस वर्षं मी हेच कापून फेकत होतो. लोक कट म्हटल्यावरच माणसासारखे दिसतात.’ मी ह्यांना पाणी दिलं.

त्रेचाळीस फ्रेमचे त्रेचाळीस फोटो ह्यांनी निनादच्या कॅमेऱ्याने काढले, दोन दिवस, पेटीवरून हललेही नाहीत. निनादने ते कॉम्प्युटरवर एकामागून एक लावले, निगेटिव्ह म्हणून काळ्याचं पांढरं केलं, संपलं की पुन्हा सुरू होईल असं केलं. रविवारी arvoला मॉरीनला बोलावलं. ती इस्त्रीचा ब्लाऊज घालून, लिपस्टिक लावून आली. बाकीचं रीळ संग्रहालयाला पाठवायला बांधून ठेवलं होतं, झाकण सैल. मी त्याच्या जवळपासही फिरकत नव्हते.

टीव्हीवर एल्सी आली. मान वळवली, नाक पुसलं, हसली. पुन्हा मान वळवली.

मॉरीन बघतच नव्हती. तिने तोंड पार खिडकीकडे फिरवलं होतं आणि ती आमच्या पडद्याकडे बघत बसली होती. माझं डोकं फिरलं. माझा नवरा आठ दिवस मान मोडून बसला, आणि ही बाई पडदे बघतेय? का माझ्यावरचा राग आत्ता काढतेय? मी तोंड उघडणार तेवढ्यात निनादने माझा हात दाबला. ‘आई, ती बघतेय,’ तो हळूच म्हणाला. ‘तिची मधली नजर गेलीय, कडेची आहे. समोर बघितलं की जे बघायचं तेच नाहीसं होतं. बाजूला बघितलं तर थोडं दिसतं.’

म्हणजे आईला बघायला ती आईकडून तोंड फिरवून बसली होती. मला माझी लाज वाटली. मी उठून तिच्या शेजारी जाऊन बसले.

‘घोडा दिसतोय,’ मॉरीन म्हणाली. ‘हात दिसतोय. वळली ते दिसलं. तोंड नाही दिसत. रेखा, तू सांग ना कशी आहे ते.’

माझं इंग्रजी भाजी घेण्यापुरतं. पण मी सांगायला लागले. ह्यांनी कधी दोन वाक्यं धड सांगितली नाहीत, म्हणून मी एकही गोष्ट सोडली नाही. कपाळ रुंद आहे. डाव्या भुवईवर धूळ आहे. नाक तुझंच आहे, मॉरीन, टोकाला तसंच गोल. गालाला खळी पडते, एकाच. हसताना डोळे बारीक होतात, ऊन समोरून असेल. ओठ फुटलेत. पुढचा एक दात वाकडा आहे, शेजारच्या दातावर चढलेला.

‘कुठला?’ मॉरीन म्हणाली.

‘वरचा. डावीकडचा.’

मॉरीनचा हात तोंडाशी गेला. तिथे आता कवळी होती. मग म्हणाली, की तिचाही तसाच होता, तोच दात. सावत्र आई म्हणायची, असलं वेडंवाकडं तोंड ह्या घराण्यात कुणाचं नाही, कुठून आलं कोण जाणे. तेव्हा इकडे लग्नाआधी मुलींचे सगळे दात काढून कवळी बसवायची पद्धत होती, सासरी पुढे त्रास नको म्हणून. मॉरीन एकविसाव्या वर्षी हौसेने गेली होती. एका दुपारीत सगळे काढून आली.

‘तो तिचा होता,’ ती म्हणाली. ‘मला कुणी सांगितलंच नाही.’

एल्सी पुन्हा वळली. मॉरीनने तोंड खिडकीकडेच ठेवलं होतं आणि माझा हात घट्ट धरला होता. मी पुन्हा कपाळापासून सांगायला सुरुवात केली.